बोट पाचची, तर घरातून निघायचं किती वाजता?

नाशिकच्या इंदिरानगर भागात राहणाऱ्या एका बेचाळीस वर्षांच्या वाचक भगिनीचं पत्र आहे. भिशीचे आणि शिकवणीचे पैसे साठवून त्यांनी सासऱ्यांच्या पंच्याहत्तरीनिमित्त घरातल्या नऊ जणांसाठी मुंबई-गोवा-मुंबई क्रूझ बुक केली आहे. सहा जण नाशिकहून निघणार, दीर-जाऊ आणि त्यांची मुलगी पुण्याहून येणार. जहाज संध्याकाळी पाचला सुटतं. वेब चेक-इन केल्यावर त्यांना दुपारी दीड ते दोन ही वेळ मिळाली आहे आणि काउंटर साडेतीनला बंद होईल असं तिकिटावर छापलं आहे. सासरे, म्हणजे अण्णा, नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त झालेले. पहाटे चारला निघून नऊला टर्मिनलच्या दारात उभं राहायचं, असं त्यांनी जाहीर केलं आहे. दीर म्हणतात, तीनला पोहोचू, तोवर रांग ओसरलेली असते. यजमानांचं म्हणणं, तुम्ही काय ते ठरवा, पण लवकर चढलो तर दुपारचं जेवण जहाजावर होईल, पैसे भरलेत आपण. सासूबाईंना गुडघेदुखी आणि शुगर आहे. बाईंनी शेवटी लिहिलंय, “नऊला गेलो तर साडेचार तास बसून अर्धा दिवस फुकट, तीनला गेलो तर माझा जीव टांगणीला. आणि काही चुकलं तर आयुष्यभर मलाच ऐकून घ्यावं लागेल.”

ताई,

तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्य मी दोनदा वाचलं. तुम्ही प्रश्न वेळेचा विचारलाय, पण मनाला टोचतंय ते हे वाक्य. त्याकडे येतेच. आधी वेळेचं बघू, कारण वेळेचा गुंता सुटला की त्या वाक्यातली अर्धी भीती आपोआप कमी होईल असं मला वाटतं.

तुमच्या घरातल्या तिघांनी तीन वेगवेगळे हिशेब मांडलेत. सासऱ्यांच्या डोळ्यासमोर एस.टी.चा फलाट आहे. आधी पोहोचला त्याला खिडकी, उशिरा आला तो उभा. दिरांच्या मनात लग्नाची पंगत आहे, शेवटच्या पंगतीला गर्दी नसते. यजमान थाळीचे पैसे वसूल करायला बसलेत. तिघांचंही आपापल्या जागी खरं आहे, पण जहाज या तिन्हींसारखं नाही. त्या दिवशी जहाजावर काय चाललेलं असतं, ते एकदा डोळ्यासमोर आणून बघा.

तुम्ही नऊला दारात पोहोचाल, तेव्हा ते जहाज भरलेलं असेल. आधीच्या फेरीचे प्रवासी उतरत असतील, त्यांच्या बॅगा खाली येत असतील. मग शेकडो केबिन झाडायच्या, चादरी बदलायच्या, कचरा उतरवायचा, भाजीपाला-दूध-पाणी चढवायचं. हे सगळं एका सकाळ-दुपारीत उरकून तेच जहाज संध्याकाळी परत निघतं. लग्नाच्या कार्यालयात सकाळचं लग्न उरकून संध्याकाळच्या रिसेप्शनची तयारी चालते, तसं. कार्यालयाचा मॅनेजर दुसऱ्या वऱ्हाडाला बारानंतर या म्हणतो, त्यात त्यांचा अपमान नसतो. खोल्या रिकाम्या व्हायच्या असतात, एवढंच.

आता तुमच्या दीड ते दोनचं. समजा जहाजावर अठराशे प्रवासी आहेत आणि बारा ते साडेतीन या वेळात त्यांना चढवायचंय. म्हणजे दोनशे दहा मिनिटं. मिनिटाला आठ-नऊ माणसं, त्यांची ओळखपत्रं, त्यांच्या पिशव्यांची तपासणी, प्रत्येकाचा फोटो आणि कार्ड. अठराशेही जण बाराला आले, तर त्या वेगानं शेवटच्या माणसाला तीन तासांहून जास्त उभं राहावं लागेल. म्हणून ही गर्दी अर्ध्या-अर्ध्या तासात वाटून दिलेली असते. तुम्हाला दीड ते दोन मिळाली याचा अर्थ तुमच्यासाठी त्या वेळात जागा राखून ठेवली आहे. आधी गेल्यानं नंबर वर सरकत नाही. उलट पुष्कळदा आधी आलेल्यांना बाजूला बसायला सांगतात आणि त्यांच्या डोळ्यांदेखत बाराचे, साडेबाराचे लोक पुढे जातात. सकाळी नऊपासून बसलेल्या पंच्याहत्तर वर्षांच्या माणसाला ते बघून काय वाटेल, याचा विचार करा. तिथे वाद झाला तर तो पुढचे तीन दिवस जेवणाच्या टेबलावर सोबत येईल. महागड्या केबिन घेतलेल्यांना कधीकधी वेगळ्या रांगेतून आधी सोडतात, हेही घरात आधी सांगून ठेवा.

दिरांचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. शेवटच्या तासात रांग खरंच पातळ होते, हे मी स्वतः पाहिलंय. दोघंच तरुण माणसं असती, मुंबईतच राहणारी असती, तर तीनला पोहोचा असं मीही म्हटलं असतं. पण पुण्याहून त्याच दिवशी निघून, साडेतीनला बंद होणाऱ्या काउंटरवर तीनला पोहोचायचं, याचा अर्थ घाट आणि मुंबईतली वाहतूक मिळून फक्त अर्धा तास हाताशी. खंडाळ्याला एक कंटेनर आडवा झाला की तो अर्धा तास गेला. जहाज कुणासाठी थांबत नाही. धक्क्यावरची जागा, जहाजाला बंदरातून बाहेर काढणारा पायलट, भरती-ओहोटी, सगळ्याच्या वेळा ठरलेल्या असतात, आणि प्रवाशांची अंतिम यादी निघण्याआधी पक्की करावी लागते. अमेरिकेच्या बंदरांत तर जहाज सुटण्याच्या किमान साठ मिनिटं आधी यादी सरकारला गेलीच पाहिजे असा नियम आहे. म्हणून तिकिटावर छापलेल्या दोन वेळांपैकी ‘पाच’ विसरून जा. तुमच्यासाठी जहाज साडेतीनला सुटतं. घरातल्या प्रत्येकाला हीच वेळ सांगा, मुलांनासुद्धा.

जेवणाबद्दल यजमानांना सांगा की पैसे वसूल करायला पुढचे तीन दिवस आहेत. पहिल्या दुपारी जहाजावरच्या बुफेत सगळं जहाज एकदमच उतरलेलं असतं, कारण केबिन अजून तयार नसतात आणि लोकांना जायला दुसरी जागा नसते. हातात पिशव्या घेऊन टेबल शोधत फिरावं लागतं. दीड-दोनला आत शिरलात तर जेवण मिळेलही, पण सासूबाईंच्या शुगरला तेवढं थांबता येणार नाही. त्यांची जेवणाची जी वेळ आहे, त्याच वेळेला त्यांना जेवू घाला. जहाजावर जे मिळेल ते वरचं समजा.

मग निघायचं कधी? माझं सांगणं असं आहे की मुंबईला पोहोचणं आणि टर्मिनलला पोहोचणं या दोन गोष्टी वेगळ्या करा. मुंबईला लवकर पोहोचा, सासऱ्यांच्या मनासारखं. टर्मिनलला वेळेवर पोहोचा, तिकिटावर लिहिल्यासारखं. मधले दोन तास जहाजाच्या दारात न काढता चांगल्या सावलीत काढा.

सहा जणांसाठी मला पंचवटी एक्सप्रेस सगळ्यात बरी वाटते. सकाळी सातच्या सुमारास नाशिकरोडहून निघते आणि साधारण अकराच्या आत सीएसएमटीला लागते. आरक्षण लवकर करा, कारण ती नोकरदारांची गाडी आहे आणि तिच्यात ऐनवेळी जागा मिळत नाही. या गाडीचा सासूबाईंच्या गुडघ्यांना मोठा फायदा आहे. सीएसएमटी शेवटचं स्टेशन, त्यामुळे फलाटावरून बाहेर पडायला पूल चढावा लागत नाही, सरळ चालत बाहेर. नाशिकरोडला मात्र गाडी कुठल्या फलाटाला लागते, जिना चढावा लागतो का, हे आधीच्या आठवड्यात एकदा जाऊन बघून या. सीएसएमटीला प्रतीक्षालय आहे, सामान ठेवायला क्लोकरूम आहे. तिथे स्वच्छतागृह वापरा, मग फोर्टात एखाद्या उडुप्याकडे शांतपणे जेवा. क्रूझ टर्मिनल जिथे आहे ते बॅलार्ड पिअर स्टेशनपासून टॅक्सीनं दहा मिनिटांवर आहे. एकला निघालात तरी दीडच्या आत दारात असाल.

मोटारीनंच जायचं असेल तर साडेसातला निघा. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा ५ जून २०२५ ला सुरू झाल्यापासून कसारा घाट टाळता येतो. सुमारे आठ किलोमीटरचा बोगदा ओलांडून तुम्ही थेट भिवंडीच्या जवळ उतरता. त्यामुळे लोक आता ‘अडीच तासांत मुंबई’ म्हणू लागलेत. त्यावर विसंबू नका. आमण्यापर्यंतचा वेळ वाचला तरी भिवंडी, ठाणे आणि पुढची मुंबई जिथल्या तिथेच आहे. पूर्व मुक्त मार्ग (ईस्टर्न फ्रीवे) धरलात तर चेंबूरवरून थेट पी. डि’मेलो रस्त्यावर, गोदीच्या अंगाला उतरता, तो शेवटचा टप्पा सोपा. स्वतःची गाडी तीन दिवस मुंबईत ठेवण्यापेक्षा सोडून परत जाणारी गाडी करा. परत येताना जहाज सकाळी लागेल आणि पंचवटी संध्याकाळी सुटते, म्हणून परतीला तरी मोटार सोयीची पडेल.

तिसरा मार्ग आदल्या रात्री मुंबईत मुक्काम करण्याचा. खर्च वाढतो, पण सासूबाईंना पहाटे उठून शुगरच्या गोळ्या, नाश्ता, प्रवास हे झेपणार नसेल तर तो खर्च योग्य आहे. हे तुम्हीच ठरवू शकता, कारण त्यांची सकाळ कशी जाते ते तुम्हाला माहीत आहे.

टर्मिनलवर काय काय होतं, तेही थोडक्यात सांगते, म्हणजे अनोळखी वाटणार नाही. मुंबईचं नवं आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनल बॅलार्ड पिअरला, इंदिरा डॉकच्या परिसरात आहे. २० सप्टेंबर २०२५ ला पंतप्रधानांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. चेक-इन आणि इमिग्रेशनचे मिळून ७२ काउंटर आहेत. तुमची फेरी भारतातल्या भारतात आहे, त्यामुळे पासपोर्ट लागत नाही, पण प्रत्येकाचं मूळ ओळखपत्र लागतं, मुलांचं आधारसुद्धा. झेरॉक्स किंवा फोनमधला फोटो यांवर राहू नका. आधारवरचं नाव आणि तिकिटावरचं नाव अक्षर न् अक्षर जुळतंय का, ते आजच बघा. आपल्याकडे सासूबाईंची दोन नावं असतात, माहेरची आणि सासरची, आणि घोळ तिथेच होतो.

आत शिरल्यावर मोठ्या बॅगा तुमच्याकडून घेतल्या जातात. केबिन नंबराची छापील पट्टी त्यांना लावलेली हवी. त्या बॅगा तपासून, वेगळ्या करून तुमच्या केबिनच्या दारात येतात, आणि त्याला संध्याकाळ होऊ शकते. हा मुद्दा माझ्या काळजाजवळचा आहे. काही वर्षांपूर्वी मी आईला घेऊन अशीच गेले होते. सांगितलेल्या वेळेच्या तीन तास आधी पोहोचलो, कारण मला उशिराची भीती होती. आई एका खुर्चीवर बसून होती आणि तिच्या रक्तदाबाच्या गोळ्या मोठ्या बॅगेत होत्या, जी मी दारातच देऊन बसले होते. बॅग केबिनला आली तेव्हा बाहेर अंधार पडला होता. आईनं एका शब्दानं मला बोल लावला नाही. तिला चक्कर येत होती हेही तिनं दुसऱ्या दिवशी सांगितलं. त्यानंतर मी कुणालाही प्रवासाचं सांगताना पहिल्यांदा हातातल्या पिशवीबद्दल सांगते.

तर हातातल्या पिशवीत दोन दिवसांची औषधं, डॉक्टरांची चिठ्ठी, इन्शुलिन असेल तर ते, ग्लुकोमीटर, चष्मे, सगळ्यांची ओळखपत्रं, तिकिटाची छापील प्रत, फोनचा चार्जर, सासूबाईंसाठी बिस्किटांचा बंद पुडा आणि मुलांचे पोहायचे कपडे. शेवटची गोष्ट हसण्यावारी नेऊ नका. जहाजावर पाय ठेवल्या ठेवल्या मुलं तलाव बघतात आणि कपडे बॅगेत असतात. एक शाल किंवा पातळ स्वेटर सासूबाईंसाठी घ्या, आत एसी जोरात असतो. आणि आपल्या घरात कुणाला ‘एस.टी. लागते’ हे आठवा, त्याला बोटही लागू शकते. त्यासाठीची गोळी जहाज हलायच्या आधी घ्यायची असते, मळमळायला लागल्यावर ती फारशी कामाची नाही. शुगर-बीपीच्या औषधांबरोबर कुठली गोळी चालेल ते तुमच्या डॉक्टरांना आठवडाभर आधी विचारा.

मोठ्या बॅगेत काय नको, हेही तितकंच महत्त्वाचं. इस्त्री, पाण्याची किटली, सुरी या वस्तू तपासणीत अडकतात, आणि वस्तू अडकली की बॅगही मागे राहते. घरचे डबे बहुतेक जहाजांवर चालत नाहीत, म्हणून भाकरी-ठेचा मुंबईपर्यंतच. चिवडा न्यायचाच असेल तर कंपनीचा नियम वाचून, दुकानातला बंद पुडाच न्या. सासूबाई रोज निरांजन लावतात का? लावत असतील तर त्यांना आधी समजावून सांगा की काडेपेटी, कापूर, उदबत्ती, फुलवाती यांतलं काहीही जहाजावर नेता येत नाही. समुद्रात आगीइतकी मोठी भीती दुसरी नाही, म्हणून उघडी ज्योत तिथे चालतच नाही. टर्मिनलच्या यंत्रातून बॅग जाताना कुणीतरी परक्यानं त्यांच्या देवाची पिशवी उघडून काडेपेटी बाजूला काढली, तर तो क्षण त्यांना लागेल. तो टाळणं तुमच्या हातात आहे. बॅटरीवरची छोटी पणती मिळते, ती घेऊन द्या.

जहाजावर चढल्यावर सगळ्यांना एका कवायतीला बोलावतात. संकटात कुठे जमायचं, जॅकेट कसं घालायचं, हे दाखवतात. लोक कंटाळतात, केबिनमध्ये झोपून राहतात. तुम्ही तसं करू नका आणि दिरांनाही करू देऊ नका. १३ जानेवारी २०१२ च्या रात्री ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ इटलीच्या जिल्यो बेटाजवळ खडकावर आदळून कलंडली आणि ३२ माणसं गेली. त्याच संध्याकाळी चढलेल्या जवळपास सातशे प्रवाशांची कवायत अजून झालेलीच नव्हती. त्या वेळचा नियम चोवीस तासांची मुभा देत होता. त्यानंतर तो बदलला आणि १ जानेवारी २०१५ पासून ही कवायत जहाज निघण्याआधी किंवा निघताक्षणी घेणं सक्तीचं झालं. तुमच्या जमण्याच्या जागेपर्यंत सासूबाई जिन्यानं किती वेळात पोहोचतात, ते त्याच दिवशी चालून बघा, कारण संकटात लिफ्ट वापरायची नसते. त्यांना मदत लागणार असेल तर तिथल्या कर्मचाऱ्याला तिथेच सांगा, ते नोंदवून घेतात.

आता सासऱ्यांकडे येते. तुम्ही लिहिलंय, “ते हट्टीपणा करतात.” मला तो हट्ट वाटत नाही. जन्मभर भोंग्यावर आणि गेटच्या वेळेवर जगलेल्या माणसाला लवकर पोहोचणं म्हणजे घरच्यांची काळजी घेणं वाटतं. या प्रवासाचं बुकिंग तुम्ही केलंत, पैसे तुमचे, सगळं फोनवर झालं. त्यांच्या हाताला या सगळ्यात काय काम उरलं? चारला निघू, हे एकच त्यांच्या ताब्यात राहिलंय. म्हणून त्यांच्याशी वाद घालू नका, त्यांना काम द्या. सगळ्यांच्या मूळ कागदांची फाइल त्यांच्याकडे सोपवा. वेळापत्रक त्यांच्या हातानं मोठ्या अक्षरात कागदावर लिहून घ्या: पंचवटी सात, सीएसएमटी अकरा, जेवण साडेअकरा, टॅक्सी एक, दार दीड, काउंटर बंद साडेतीन. आणि ‘चला’ कधी म्हणायचं, ते त्यांच्यावर सोपवा. मला खात्री आहे की त्या दिवशी तुमच्यातला कुणीही एक मिनिट उशीर करू शकणार नाही.

सीएसएमटीला बसल्या बसल्या त्यांना एक गोष्ट नातवंडांना सांगू द्या. नाशिकरोडवरून आजही जाणारी पंजाब मेल १९१२ मध्ये सुरू झाली, तेव्हा ती याच बॅलार्ड पिअरच्या धक्क्यावरच्या मोल स्टेशनवरून सुटायची. विलायतेहून बोटीनं आलेली टपाल आणि साहेबलोक बोटीतून उतरून गाडीत बसायचे आणि आपल्या घाटातून वर यायचे. तुम्ही सगळे त्याच वाटेनं उलटे उतरून त्याच धक्क्यावर जाताय. मला वाटतं नाशिकरोडला आयुष्य काढलेल्या माणसाला ही गोष्ट सांगायला आवडेल, आणि साडेअकराची वेळ कधी होईल ते कळणारही नाही.

दिरांबद्दल जरा कठोर बोलते. त्यांना तुमची वेळ कळवा, साडेतीनची मर्यादा कळवा, दोन्ही गोष्टी घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सर्वांसमोर लिहा, आणि मग सोडून द्या. त्यांच्या तिघांची ओळखपत्रं आणि तिकिटाची प्रत त्यांच्याकडेच असू द्या. काउंटरवर प्रत्येकाला स्वतः उभं राहावं लागतं, त्यामुळे ते आले नाहीत म्हणून तुम्हाला कुणी अडवणार नाही. तुमची वेळ झाली की तुम्ही आत जा. दारात त्यांची वाट बघत सासूबाईंना उभं ठेवू नका. “सगळे मिळूनच चढू” हा विचार चांगला आहे, पण त्यामुळे एकाच्या उशिरात नऊ जण अडकतात. सगळ्यांनी मिळून असायचं ते पाचला, डेकवर, जहाज धक्क्यापासून सुटताना. तो फोटो नऊ जणांचा असू द्या.

आणि तुमचं ते शेवटचं वाक्य. “मलाच ऐकून घ्यावं लागेल.” ताई, मला एक विचारायचंय. तुम्ही पैसे साठवले, बुकिंग केलं, वेब चेक-इन केलं, आणि आता नऊ माणसांच्या नऊ तऱ्हा एका वेळापत्रकात बसवताय. यजमान “तुम्ही ठरवा” म्हणाले, ते समजूतदारपणे म्हणाले असतीलही. पण ठरवणारा एक आणि बोल लावणारे आठ, अशी वाटणी कुणी केली? ती तुम्ही मनात धरून बसलायत, की खरंच कुणी तसं बोललंय? आधी कधी कुणी बोललं असेल, तर यजमानांना एका संध्याकाळी शांतपणे सांगा की वेळ आपण दोघांनी मिळून ठरवलीय, असं अण्णांना तुम्ही सांगायचं. त्यांच्या वडिलांना ते त्यांच्या तोंडून ऐकू द्या. त्यांचं हे एक वाक्य तुमच्या खांद्यावरचं निम्मं ओझं उतरवेल. आणि जर अजून कुणी काहीच बोललेलं नसेल, तर कदाचित ती माणसं तुम्हाला वाटतात त्यापेक्षा जास्त कृतज्ञ असतील आणि ते त्यांना बोलून दाखवता येत नसेल. आपल्या घरांत असं फार होतं.

बसून घालवलेला वेळ फुकट जातो, असं तुम्ही लिहिलंत. ते मला पटत नाही. पंच्याहत्तर वर्षांचे वडील, त्यांचा मुलगा, नातवंडं यांना एका बाकावर बिनकामाचे दोन तास शेवटचे कधी मिळाले होते? तो वेळ उन्हात, रांगेत, उपाशीपोटी जाऊ नये, एवढीच काळजी घ्यायची आहे.

ज्यांना परदेशातून क्रूझ घ्यायची आहे अशा इतर वाचकांसाठीही दोन शब्द. आपल्याकडून पुष्कळ जण सिंगापूरहून जातात. तिथे दोन वेगळी क्रूझ टर्मिनल आहेत, एक मरिना बेला आणि एक हार्बरफ्रंटला. तिकिटावर कुठलं लिहिलंय ते टॅक्सीत बसण्याआधी वाचा. जहाज ज्या दिवशी सुटतं त्याच दिवशीचं विमान घेऊ नका, एक रात्र आधी पोहोचा. परत त्याच देशात उतरायचं असतं, म्हणून व्हिसा एकाहून जास्त प्रवेशांचा आहे ना, ते बघा, आणि पासपोर्ट मोठ्या बॅगेत ठेवू नका. घरात कुणी गर्भवती असेल किंवा सहा महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर पैसे भरण्याआधी कंपनीचा नियम वाचा. बहुतेक कंपन्या चोविसावा आठवडा लागलेल्या गर्भवतींना आणि सहा महिन्यांखालच्या बाळांना घेत नाहीत, आणि हे टर्मिनलवर कळलं तर फार वाईट वाटतं.

ताई, एक काम मात्र पुढे ढकलू नका. सासूबाईंसाठी व्हीलचेअर हवी असल्याचं बुकिंग करणाऱ्यांना उद्याच फोन करून सांगा आणि त्याची लेखी पोच मेलवर मागून घ्या. “मी काय पांगळी आहे का” असं त्या म्हणतील. म्हणू द्या. चालता येत असलं तरी व्हीलचेअर मागता येते, ती फक्त दारापासून जहाजापर्यंत असते. तिथवर सुरक्षा तपासणी, काउंटर आणि जहाजात चढायचा उतार धरून बरंच चालणं होतं. आदल्या दिवशी सांगितलं तर खुर्ची मिळेलच असं नाही. त्या खुर्चीत बसून सासूबाई रांगेच्या बाजूनं आत जातील, आणि बरोबरच्या एका माणसालाही सहसा सोबत सोडतात. तो माणूस कोण असेल, तेही आत्ताच ठरवून टाका. माझ्या मते अण्णांनी जावं, फाइल घेऊन.